गोंगाटाच्या बाजूला

‘कोथिंबीर कशी दिली, मावशी?’ एवढंच हेमांगी म्हणाली. ओरडली नाही, कुणाला हाक मारली नाही. भाजीवालीपुढं वाकून जेवढ्यास तेवढ्या आवाजात विचारलं. बाजार गच्च भरला होता. टेम्पोचे हॉर्न, शेजारच्या बोळातल्या यंत्रमागांची खडखड, कांदेवाल्याचा कंठशोष, सगळं एकदम चाललं होतं. तेवढ्या कालव्यात पलीकडच्या रांगेतले एक म्हातारबाबा गर्रकन वळले. मग पिशवी धरून उभी असलेली एक आजी वळली. मग चहाच्या गाड्यावरचे दोघं वळले. बघता बघता बाजारातली सगळी पिकल्या केसांची माणसं हेमांगीकडं तोंड करून उभी राहिली.

म्हातारबाबा काठी टेकत जवळ आले. ‘पोरी, नीट सांग. सात म्हणालीस का नऊ?’

‘मी आकडा नाही म्हटला, बाबा. कोथिंबीर मागत होते.’

‘म्हणालीस की! सकाळधरनं म्हणायलीस. पिठाच्या गिरणीत म्हणालीस, एस्टीत म्हणालीस, मोरीत नळ सोडला तर तिथं म्हणालीस. जरा गप बस की गं बाई!’

म्हातारबाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं नव्हतं, माणूस दमला होता. हेमांगीनं पदर तोंडावर घेतला आणि कोथिंबीर न घेताच ती घरी आली.

आता हे काय गौडबंगाल, ते आधी सांगायला हवं. गोष्ट इचलकरंजीची, आणि काळ आजपासून फार लांबचा नाही. हेमांगी दिवटेचा धंदा आवाजाचा. साड्यांचा सेल असो, दातांचं शिबिर असो नाहीतर कुणाचं पोर हरवलेलं असो, गावात रिक्षावर कर्णा लावून काही सांगायचं असलं की लोक तिच्याकडं येत. घरातल्याच एका खोलीला गाद्या ठोकून तिनं रेकॉर्डिंगची सोय केली होती. मागांच्या गावात माणसापर्यंत शब्द पोचवायचा म्हणजे खायचं काम नाही. हेमांगीचा आवाज मोठा नव्हता, पण तो पोचायचा. रिक्षा तीन गल्ल्या पलीकडं असली तरी सेल कुठल्या मंगल कार्यालयात आहे ते इकडं कळायचं.

पुण्याच्या एका कंपनीनं हे हेरलं. ही कंपनी मोबाईलवर कानाची परीक्षा घेणारं ॲप बनवत होती. ‘कर्णिका’ त्याचं नाव. शांत खोलीत बारीकशी शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि लग्नाच्या मांडवात शेजारच्याचं बोलणं कळणं वेगळं. म्हातारपणी माणूस हरतो तो मांडवात. म्हणून ही परीक्षा गोंगाटातच घ्यायची. मोबाईलमधून खळखळाट येतो आणि त्यात एक बाई तीन आकडे म्हणते. ऐकू आले ते दाबायचे. बरोबर आले की बाईचा आवाज एक पायरी खाली जातो, चुकले की एक पायरी वर येतो. असं खालीवर करत करत एका जागी गाडी अडते. तिथं निम्मे बरोबर येतात, निम्मे चुकतात. तीच तुमच्या कानाची वेस.

ती बाई म्हणजे हेमांगी. पुण्यातल्या एका बंद खोलीत बसून तिनं शून्य ते नऊ हजारदा म्हटलं आणि विसरून गेली.

ॲपच्या पाठोपाठ मणी आला. जोंधळ्यापेक्षा थोडं मोठं यंत्र, कानात बसवायचं; कंपनीनं त्याला भलतंच लांबलचक नाव दिलं होतं, लोक मणीच म्हणायचे. जुनी कानयंत्रं सगळाच कालवा मोठा करायची. मणी तसं करत नव्हता. तो गोंगाटातून बोलणं वेगळं काढायचा, आणि जे निसटलं ते अंदाजानं भरायचा. फाटक्या वर्तमानपत्रातला शब्द आपण नाही का पुरा करून वाचत, तसं. अंदाज कसा बांधायचा, हे तो कर्णिकाच्या परीक्षेतून शिकायचा. मणी कानात घालायचा, मोबाईल स्पीकरवर ठेवायचा आणि परीक्षा द्यायची. तुम्ही बरोबर आकडा दाबला म्हणजे तिथं आवाज होता, हे मण्याला पटायचं. दर महिन्याला परीक्षा, दर महिन्याला मणी आणखी शहाणा.

हेमांगीच्या घरी मणी आला तो तिच्या सासऱ्यांसाठी. रामलिंग दिवटे, सगळे आण्णा म्हणत. सारा जन्म माग चालवण्यात गेला, आणि त्या खडखडाटानं कान नेले. सासूबाई सोनाक्का सोप्यात बसून सुताच्या कांड्या भरायच्या आणि भरलेल्या कांड्या मागांच्या शेडमध्ये नेऊन द्यायच्या. तिथं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही; मागवाले एकमेकांचे ओठ बघून बोलतात. आण्णा आणि सोनाक्कांचा संसार असा तोंडाकडं बघत झाला होता. भांडणसुद्धा मुक्यानं चालायचं, आणि जिंकायच्या बहुतेक सोनाक्काच.

परीक्षा ज्याची त्यानं एकट्यानं द्यावी, असं ॲप सुरुवातीलाच बजावतं. पण आपल्याकडं म्हातारं माणूस मोबाईल घेऊन बसलंय आणि घरच्यांनी त्याला एकटं सोडलंय, असं कधी झालंय का? हेमांगी आण्णांना चिकटून बसली. तिचे कान तरणे, त्यात आवाज तिचाच.

‘चार एक आठ म्हणाले मी, आण्णा. चार दाबा. अहो तो सात, हा चार!’

‘मला तर नुसतं भर्रर्र ऐकू यायलंय.’

‘येईल हो ऐकू. आता एक दाबा.’

निकाल आला, ‘अतिउत्तम’. हेमांगीनं टाळ्या वाजवल्या. सोनाक्कांनी शिरा केला. हेमांगीचा नवरा सुहास सुताच्या पेढीतून आला तेव्हा त्याला दारातच बातमी कळली. इकडं दिवट्यांच्या घरी झालं तेच गावोगाव, घरोघर चाललं होतं. सुना, नातवंडं, शेजारीपाजारी म्हाताऱ्यांच्या कानाशी लागून आकडे सांगत होते आणि पास करत होते. दर महिन्याला.

पहिले काही महिने घरात सण असल्यासारखे गेले. आण्णांना मोतीबिंदूमुळं बारीक अक्षरं लागत नव्हती, सोनाक्कांखेरीज कुणाचे ओठही आता वाचता येत नव्हते, तेव्हा हेमांगी रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ते पुरतं ऐकायचे, अडवून प्रश्न विचारायचे, पुढाऱ्यांना शिव्या घालायचे. खरं सांगायचं तर हेमांगी त्या तासासाठी जगायची. जिचा आवाज गावभर फिरतो तिचं घरात कुणी ऐकत नव्हतं. सुहास ‘हं हं’ करत सुताचे भाव बघायचा. लग्न होऊन आल्यापासून तिचं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेणारं माणूस तिला पहिल्यांदा मिळालं होतं, आणि तिचा त्यांच्यावर फार जीव जडला होता.

मग आण्णा न बोलावता ‘ओ’ देऊ लागले.

‘हेमा, बोलिवलंस?’

‘नाही, आण्णा.’

‘पंख्यातनं बोललीस की.’

आधी सगळे हसले. नंतर पाण्याची मोटर लागली की आण्णा उठून तिच्यापाशी जाऊन उभे राहू लागले. शेजारच्या शेडमधले माग सुरू झाले की भिंतीला कान लावायचे. आकडे ऐकू यायचे, कधी ‘आण्णा, जेवायला चला’ ऐकू यायचं. आवाज हेमांगीचा. आणि ती तर स्वयंपाकघरात गप्प उभी असायची. आपण बोललो नाही ते कुणीतरी ऐकतंय, या विचारानं तिच्या अंगावर काटा यायचा. बाजारात तर तिला तोंड उघडायची चोरी झाली.

त्यात सोनाक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण तोंड वाकडं झालं आणि आवाज इतका बारीक झाला की उशाशी वाकल्याशिवाय कळेना. डॉक्टरांनी सुहासला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका कधीही येईल, आणि तो सोसणार नाही.

आण्णा त्यांच्या खाटेशी बसायचे. ओठ बघावे तर ओठ वाकडे, त्यांची जुनी ओळख राहिलेली नाही. एके सकाळी सोनाक्का काहीतरी पुटपुटल्या आणि आण्णा दचकून खुर्चीसकट मागं सरकले. हेमांगी धावत आली.

‘काय झालं, आण्णा?’

‘तिच्या तोंडातनं तू बोलायलीस.’ त्यांनी खाटेकडं बोट केलं. ‘ती व्हट हलविती आन् आवाज तुझा येतोय. हेमा, हे काय भूतबाधा हाय का काय?’

त्या दिवसापासून आण्णा बायकोकडं बघेनात. खाटेशी बसायचे, पण तोंड खिडकीकडं. मणी काढून ठेवला तर काहीच ऐकू यायचं नाही, घातला तर सून बायकोच्या तोंडून बोलायची. सोनाक्का नवऱ्याच्या पाठीकडं बघत पडून राहायच्या. त्या रडायच्या तेव्हा डोळ्यांतलं पाणी वाकड्या बाजूनं उशीवर गळायचं, आणि हेमांगीला वाटायचं की आपण या बाईचा नवरा तिच्यापासून काढून घेतलाय.

तिनं पुण्याला फोन केला. कंपनीच्या कानतज्ज्ञ डॉक्टर तबस्सुम मुल्ला स्वतः आल्या. मूळच्या मिरजेच्या, मोकळ्या बोलायच्या. आण्णांच्या परीक्षांचे आलेख बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

‘हेमांगीताई, इतक्या खालचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येऊ शकत नाही. आम्ही पुण्यात बसून म्हणत होतो, वा, गावाकडचे म्हातारे काय दणकट आहेत! खरं सांगा, शेजारी कोण बसत होतं?’

हेमांगीनं मान खाली घातली.

‘तुम्ही एकट्या नाही. सगळा महाराष्ट्र बसत होता,’ तबस्सुम म्हणाल्या. ‘मणी काय शिकला बघा. आवाज नाही, नुसता गोंगाट आहे, तरी माणूस आकडा बरोबर सांगतो. म्हणजे गोंगाटाच्या तळाशी ही बाई असणारच. मग तो कुठल्याही गोंगाटातून तुम्हाला घडवून काढायला लागला. सासूबाईंचा क्षीण आवाज त्याला गोंगाटच वाटतो, त्यातूनही तो तुम्हालाच काढतो.’

बाकीच्यांसाठी उपाय सोपा होता. कंपनी परीक्षेत अनेक माणसांचे आवाज मिसळणार होती. चार-सहा महिन्यांत त्यांच्या कानातली हेमांगी विरून जाणार होती. आण्णांचं तसं नव्हतं. मोबाईलमधली हेमांगी आणि कानाशी बोलणारी हेमांगी, दोन्ही बाजूंनी त्यांच्या मण्यानं एकच आवाज प्यायला होता. आणि सोनाक्कांकडं चार-सहा महिने नव्हते.

‘लवकर होईल असा एकच मार्ग आहे,’ तबस्सुम म्हणाल्या. ‘आकडे सासूबाईंच्या आवाजात घ्यायचे. आणि गोंगाट तुमच्या आवाजाचा करायचा. तुमची जुनी रेकॉर्डिंगं तोडून, एकावर एक रचून. मण्याला शिकवायचं, की ही बाई म्हणजे कालवा. हिला गाळून टाक.’

‘मग मी बोलले तर?’

‘आण्णांना तुमचा आवाज येणार नाही. बाकी सगळ्यांचा येईल.’

‘पुन्हा उलटं करता येईल ना?’

‘मण्याचं येईल. पण या वयात आण्णांचा मेंदू किती वेळा नव्यानं शिकेल, ते मी लिहून देऊ शकत नाही.’

आण्णांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते ‘बरं बरं’ म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत विसरले. सुहास म्हणाला, ‘तू ठरव, हेमा.’ मोठा शहाणा! हेमांगी सासूच्या खाटेशी गेली. तिच्या मनात कुठंतरी आशा होती की सोनाक्का म्हणतील, राहू दे गं, माझं काय आता. आपल्याकडच्या सासवा म्हणतात तसं. ती ओणवी झाली आणि तिनं सगळं सांगितलं.

सोनाक्कांनी तिचा हात धरला. एकेक शब्द ओढून काढत त्या म्हणाल्या, ‘मला पायजे.’

हेमांगीनं त्यांची उशी सारखी केली.

‘तुला बोलाया जलम पडलाय. मला न्हाई. त्यांनी एकदा माझं ऐकावं. मला पायजे गं, हेमा.’

हेमांगीला राग आला, अगदी खरा राग. मग तो राग बघता बघता वितळला, कारण या बाईनं या घरात स्वतःसाठी काही मागितलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं गाद्यांच्या खोलीतला माइक आणून खाटेला बांधला. सोनाक्कांनी शून्य ते नऊ म्हणायला दोन दिवस घेतले. ‘आठ’ म्हणताना लाळ गळायची, ती हेमांगी पुसायची आणि म्हणायची, ‘छान आला, आई, आणखी एकदा.’

परीक्षेआधी तबस्सुमनी तो गोंगाट एकदा स्पीकरवर लावून बघितला. शेकडो हेमांग्या एकदम बोलत होत्या. साड्यांचे सेल, हरवलेली पोरं, दातांची शिबिरं, सगळ्याचा भुगा. एकही शब्द कळत नव्हता, पण प्रत्येक तुकडा तिचा होता. हेमांगीला तिथं उभं राहवेना.

‘यावेळी आण्णांच्या शेजारी कुणीही नाही. मीसुद्धा नाही,’ तबस्सुमनी बजावलं आणि त्या पुढच्या खोलीत जाऊन बसल्या. आण्णांना खाटेजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. सोनाक्कांना काही हलवता येत नव्हतं, त्या पडून होत्या. हेमांगीनं दार ओढून घेतलं आणि मागच्या पडवीत खिडकीशी उभी राहिली.

आण्णा चुकायला लागले. एकदा, दोनदा, सलग. त्यांचं बोट मोबाईलवर भिरभिरत होतं. मग त्यांनी मान वर केली आणि नेहमीसारखी हाक मारली, ‘हेमा! अगं, काय म्हणाली ही? सांग की.’

हेमांगीनं पदराचा बोळा तोंडात घातला.

‘हेमा? कुटं गेलीस गं? मला यीना झालंय.’

त्या हाकेला उत्तर न देणं हे तिनं आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम होतं. ती भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी राहिली. आणि मग आतून एक बारीक, चिरका आवाज आला.

‘पाच... दोन... शून्य.’

हेमांगीनं डोळे उघडले. सोनाक्कांनी मान वळवली होती. स्वतःचाच आवाज तो, त्यांना कालव्यातून कळणारच. आणि नवरा चुकतोय हे त्यांना बघवत नव्हतं. ‘पाच दाबा वो. खालचा... हां.’

आण्णांनी पाच दाबला. गोंगाट वाढला, आवाज खाली गेला. ‘नऊ... एक... चार,’ सोनाक्का म्हणाल्या. पुन्हा बरोबर. पुन्हा एक पायरी खाली, आणि दर आकड्याला मणी शिकत होता.

हेमांगीला कळत होतं काय चाललंय. हेच तिनं केलं होतं, आणि त्याचं काय झालं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? दार ढकलून आत जायला हवं होतं, तबस्सुमना हाक मारायला हवी होती. पण तेवढ्यात आण्णांनी खुर्ची वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बायकोच्या तोंडाकडं बघत होते. ‘सोना,’ ते म्हणाले, ‘अगं, तू बोललीस!’ आणि त्या वाकड्या तोंडानं हसू आणायचा प्रयत्न केला.

हेमांगी जागची हलली नाही. ती कुणाला काही बोललीही नाही. निकाल आला, ‘अतिउत्तम’. तबस्सुमनी आलेखाकडं जरा जास्त वेळ बघितलं, मग खोलीतून येणारी दोघांची कुजबूज ऐकली आणि मोबाईल बंद केला.

पुढचे काही आठवडे म्हातारा-म्हातारी नुसती बोलत होती. कोणत्या साली कुणाच्या लग्नात कोण रुसलं, शेडच्या मालकानं कुणाला फसवलं, धाकट्या नणंदेचं मंगळसूत्र कुठं गेलं. भांडणंही झाली. एकदा तर सोनाक्का ‘जावा तिकडं’ म्हणाल्या आणि आण्णा खरंच रुसून सोप्यात जाऊन बसले. सुहास हसून हसून दमला. हेमांगी चहा घेऊन जायची, ‘आण्णा, चहा’ म्हणायची, आणि त्यांचं लक्ष नसायचं. कप हातात दिला की ते दचकायचे. ‘आलीस कवा? पाऊल वाजवावं माणसानं,’ म्हणायचे.

सकाळचं वर्तमानपत्र सुहासनं वाचायला घेतलं. तो मधल्या ओळी गाळायचा.

सोनाक्का गेल्या त्या दिवशी घरात बायकांनी हंबरडा फोडला. हेमांगी सगळ्यांत मोठ्यानं रडली. तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं इतकं आतून आलं. आण्णा सुन्न बसले होते. ते सुहासच्या कानाशी लागून म्हणाले, ‘समद्या रडायल्यात. हेमा का रं रडत न्हाई? तिला एवढंबी वाईट वाटलं न्हाई?’

‘ती रडतेय, आण्णा. तुम्हाला तिचं ऐकू येत नाही.’

‘माझं कान चांगलं हायत,’ आण्णा म्हणाले.

हेमांगीनं ते ऐकलं. तिचं रडं तिथंच थांबलं.

दिवस झाले आणि शेजारचे माग पुन्हा सुरू झाले. त्या सकाळी आण्णा भिंतीला पाठ लावून बसले होते, तोंडावर हसू. ‘व्हय की,’ ते भिंतीला म्हणाले, ‘त्या वक्ताला चूक तुझीच हुती.’ हेमांगी दारात थबकली. मागांच्या खडखडीतून सोनाक्का आल्या होत्या. पंखा लावला की पंख्यातून यायच्या, मोटर लागली की मोटरीतून. आण्णा घाबरत नव्हते. ज्या बाईशी सारा संसार मागाच्या आवाजात झाला, ती मागाच्या आवाजातून बोलते, यात त्यांना नवल वाटत नव्हतं. घाबरायची ती हेमांगी. मेलेलं माणूस घरात बोलत होतं, आणि जितीजागती ती आण्णांना ऐकू येत नव्हती.

तिनं फोनवर तबस्सुमना सगळं सांगितलं, खिडकीतून बघितलेलंसुद्धा.

‘मला आलेख बघूनच शंका आली होती,’ तबस्सुम हळू म्हणाल्या. ‘मी येते. अजून वेळ आहे, आण्णांचा मेंदू साथ देईल असं मला वाटतं. तुमचा आवाज पुन्हा आत घेऊ. पण मग सासूबाईंचा काढावा लागेल. तुम्ही फक्त हो म्हणा.’

‘कळवते,’ हेमांगी म्हणाली. रोज कळवते म्हणत तिनं बरेच दिवस घालवले.

मग मागवाल्यांचा बंद आला. सगळ्या गावातले माग थांबले. रस्त्यावर टेम्पो नाहीत, बोळ चिडीचूप. आण्णा सकाळपासून बेचैन होते. या खोलीतून त्या खोलीत जात होते, खाटेखाली वाकून बघत होते. ‘सोना कुटं गेली?’ सुहास बाहेर होता. हेमांगी अंगणात कपडे वाळत घालत होती, तिला आण्णा फाटकाबाहेर पडलेले दिसले, अनवाणी, मोठ्या रस्त्याच्या दिशेनं.

‘आण्णा! आण्णा, थांबा!’

ते थांबले नाहीत. मोकळा रस्ता मिळाला म्हणून एक मोटरसायकल सुसाट येत होती. हेमांगी जिवाच्या आकांतानं ओरडली. तीन गल्ल्यांपलीकडं पोचणारा तो आवाज. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या, कुत्री उठून उभी राहिली. आण्णा चालतच राहिले. रस्त्यापलीकडून बंद टपरीपुढं बसलेला पानवाला ‘ओ म्हातारबा!’ म्हणून खेकसला, तेव्हा ते जागच्या जागी थबकले, आणि मोटरसायकल त्यांच्या धोतराला वारा घालून निघून गेली.

हेमांगीनं त्यांना दंडाला धरून घरी आणलं. बस्स झालं, तिनं ठरवलं. आज सोनाक्का नाहीतर आण्णा, असा प्रश्न आला होता. त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून तिनं मोबाईल घेतला, तबस्सुमचा नंबर काढला.

‘हेमा,’ आण्णा म्हणाले. ते तिच्याकडं बघत होते, आणि त्यांची हनुवटी लहान पोरासारखी थरथरत होती. ‘तुला तरी दिसली का गं ती? सांगून न्हाई गेली. आजवर कधी न सांगता गेली न्हाई.’

‘आण्णा, मी आहे ना,’ हेमांगी म्हणाली. ‘मी आहे.’

ते तिच्या हलत्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत राहिले.

हेमांगीनं मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला. मिक्सर पुढं ओढला. भांड्यात काही नव्हतं, तिनं झाकण लावलं आणि बटण फिरवलं. घर त्या घरघराटानं भरून गेलं.

आण्णांची मान वर आली. चेहऱ्यावरची सगळी ओढाताण गेली. ‘कुटं हुतीस?’ ते मिक्सरला म्हणाले. ‘समदीकडं हुडकलं. बरं, आलीस ती आलीस.’ त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं, आणि आवाज खाली आणून, चहाडी सांगावी तसं म्हणाले, ‘सोना, ही हेमा बघ. किती दिस झालं, माझ्यासंगं एक शबूद बोलत न्हाई. आदी किती वाचून दावायची. माझं काय चुकलं, तुला ठाऊक हाय का?’

मग मान तिरकी करून ते ऐकत राहिले. बराच वेळ. मधेच ‘व्हय?’ म्हणाले. मधेच त्यांनी हेमांगीकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘असं हाय व्हय,’ ते म्हणाले. ‘मला कुणी सांगितलंच न्हाई की गं.’ त्यांनी हात लांब करून हेमांगीचा हात धरला आणि पुन्हा मिक्सरकडं कान केला.

मिक्सर तापला होता, जळका वास सुटला होता. हेमांगीनं बटणावरचा हात काढला नाही. आई काय सांगतायत, एवढं एकदा कळावं म्हणून ती जीव कानात आणून उभी होती, आणि तिच्या चांगल्या, धडधाकट कानांना फक्त मिक्सर ऐकू येत होता.